टाळ्यांचे दोन गुण

माझ्या भावाला विद्यापीठात सगळे भोंगा म्हणायचे. तोंडावर सर, पाठ वळली की भोंगा, आणि शिकून बाहेर पडलेली मुलं पुढे कधी भेटायला आली की दोन्ही जोडून भोंगासर. त्याला राग यायचा नाही. मी एकदा म्हटलं, अरे, निदान पाठीमागे तरी मान ठेवायला सांग, तर म्हणाला, सुई, टोपणनाव ठेवायलासुद्धा माणूस लक्षात राहावा लागतो. ते खरंच होतं. त्या विद्यापीठात मैदानावरची दुसरी कुठलीच गोष्ट कुणाच्या लक्षात राहत नसे.

सुई म्हणजे मी, त्याची धाकटी बहीण. माझं शिवणकामाचं दुकान आहे, मैदानाच्या मागच्या गल्लीत. दुकानामागे दोन खोल्या, त्यात आम्ही दोघं राहायचो. वहिनी लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली. मूलबाळ नव्हतं. माझं लग्न झालं नाही. बघायला आलेले लोक माझं तोंड ऐकून परत गेले, असं दादा पाहुण्यांना सांगायचा आणि स्वतःच हसायचा. नाव त्याने माझ्या धंद्यावरून ठेवलं होतं की तोंडावरून, हे मी कधी विचारलं नाही.

आणि भोंगा हे नाव त्याच्या आवाजावरून पडलं होतं. काय आवाज होता! मधे मैदानाची भिंत, मधे रस्ता, माझं दार लोटलेलं, मशीन चालू, तरी तो स्पष्ट ऐकू यायचा. “गुडघे वर! गुडघे!” माप द्यायला उभं राहिलेलं गिऱ्हाईक नकळत गुडघा वर करायचं. मी टेप सोडून कपाळाला हात लावायची. तो तिथे क्रीडाशिक्षक होता, म्हणजे पळणं, उड्या, फुटबॉल, सगळं एकट्यानेच बघायचा. विद्यापीठाने दुसरा माणूस कधी नेमला नाही, कारण एकालासुद्धा पुरेसं काम आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

विद्यापीठ मोठं नावाजलेलं. तिथे प्रवेश मिळाला की आईबाप गल्लीभर सांगत फिरतात. मुलं जेवताना वाचतात, चालताना वाचतात आणि धावताना पाठ केलेलं ओठांत घोळवतात. दादाच्या संघाचा गोलकीपर खांबाला टेकून रसायनशास्त्र वाचायचा. चेंडू येताना दिसला की आधी पान दुमडायचा, मग अडवायला जायचा. तोवर चेंडू जाळ्यात. सामना हरला की सगळे मिळून समोरच्या कॉलेजात किती कमी टक्क्यांना प्रवेश मिळतो ते आठवून हसायचे. दादाला हरल्याचं तितकं वाटायचं नाही, ते हसणं मात्र त्याच्या जिव्हारी लागायचं. घरी येऊन अर्ध्या ताटावरून उठायचा.

संघाच्या जर्सी मी शिवायची. राखाडी निळा रंग, गळ्याला पांढरी पट्टी. एकदा कापड संपलं म्हणून नव्या आलेल्या एका प्राध्यापकांना मी विचारलं, की विद्यापीठाचा नेमका रंग कुठला हो? त्यांनी खिशातलं ओळखपत्र काढलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, निळसर असावा. अशा ठिकाणी माझ्या भावाने उभा जन्म काढला.

मैदानाच्या एका अंगाला सिमेंटच्या पायऱ्यांची गॅलरी होती. ती प्रेक्षकांसाठी बांधलेली, पण तिथे मुलं उन्हाला वाचत बसायची. शर्यत सुरू झाली की कपाळाला आठ्या घालून खाली बघायची, आणि फारच गलका झाला तर उठून वाचनालयात जायची. परीक्षेच्या आधीचा महिना मैदानावर शिट्टी वाजवायला बंदी असायची. तसा फलकच होता. दादा ती बंदी काटेकोर पाळायचा. शिट्टी खिशात ठेवायचा आणि दुप्पट मोठ्याने ओरडायचा. कुणी तक्रार केली तर म्हणायचा, शिट्टी बंद म्हटलंय, तोंड बंद म्हटलेलं मला दाखवा.

त्याचं एक वेड होतं. शेवटची फेरी माणूस पायांनी पळत नाही, कानांनी पळतो, असं तो म्हणायचा. पाय तर आधीच संपलेले असतात. मग जो कुणी हाक मारतो, त्याच्या हाकेवर उरलेलं अंतर जातं. म्हणून त्याचं पोर शेवटच्या फेरीला आलं की तो आतल्या बाजूने त्याच्यासोबत धावत सुटायचा आणि ओरडत राहायचा. गॅलरीत चिटपाखरू नसायचं, तर गॅलरीचं कामही तोच करायचा. पोरं जिंकायची नाहीत, पण थांबायचीही नाहीत. इतकी वर्षं त्याने एवढ्यावरच समाधान मानलं.

मग त्याचा गळा बसला. आधी आम्ही थंडीवर ढकललं, मग काढ्यांवर, मग डॉक्टरांकडे गेलो तेव्हा फार उशीर झाला होता असं नाही, पण थोडा झाला होता. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज, तीही जवळ कान नेला तरच कळणारी. मी त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले आणि वर येऊन त्याला म्हटलं, चला, गल्लीला आता झोप लागेल. तो हसला. हसण्याचाही आवाज आला नाही, तेव्हा मला पुन्हा जिन्यात जावंसं वाटलं.

नोकरीचं शेवटचं वर्ष उरलं होतं. लोक म्हणाले, घरी बस. त्याने ऐकलं नाही. माझ्याकडून दोन रुमाल शिवून घेतले, एक लाल, एक पिवळा. लाल म्हणजे हळू, पिवळा म्हणजे जोर लाव. कडेला उभा राहून रुमाल हलवायचा. पण पळणारं पोर समोर बघतं, कडेला बघत नाही. रुमालाला हाक कशी म्हणायची?

त्या वर्षी त्याच्याकडे एक मुलगी होती. भौतिकशास्त्र शिकायची. अंगाने एवढीशी, म्हणून सगळे चिमणी म्हणायचे. लांब पल्ल्याची शर्यत धावायची आणि खरोखर चांगली धावायची. दादाच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या पोरांत तीच एक, जिला बघायला मी दुकान टाकून मैदानाच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले असेन. तिची एकच खोड होती. शेवटच्या फेरीला तिची मान खाली जायची आणि ती मागे पडायची. दादाचा गळा धड होता तेव्हा तो “चिमणे!” म्हणून एक हाक टाकायचा आणि तिची मान वर यायची. पाय आपोआप लांब पडायचे. गळा गेल्यावर ती हाक गेली आणि चिमणी दर शर्यतीत शेवटच्या फेरीला मागे राहू लागली.

तिच्या वडिलांना ते पळणं पसंत नव्हतं. ते औषधाच्या दुकानात कामाला होते. मुलीला एवढ्या मोठ्या विद्यापीठात जागा मिळाली आणि ती वेळ मैदानावर घालवते, याचं त्यांना फार वाटायचं. त्यात वाईट काही नव्हतं. शेवटी घरात असं ठरलं, की वर्षअखेरीच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत ती पहिल्या तिनांत आली तर पुढेही धावायचं. नाही आली तर बूट ठेवून द्यायचे आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही. चिमणीने हे दादाला सांगितलं आणि दादाने घरी येऊन मला. त्याची कुजबुज ऐकायला मी मशीन थांबवलं होतं. म्हणाला, “पहिल्या तिनांत ती येते गं. शेवटच्या फेरीत तिला हाक कोण मारणार, तेवढं सांग.”

योगायोग असा, की ती स्पर्धा त्या वर्षी आमच्याच मैदानावर होती. कित्येक वर्षांनी पाळी आली होती. दादाच्या डोक्यात एकच घुसलं. गॅलरी भरायची. एकदाच, त्या एका फेरीपुरती. मग त्याला गळा असला काय नि नसला काय.

आम्ही डीनबाईंना भेटायला गेलो. आम्ही म्हणजे तो आणि मी, कारण त्याचं बोलणं मोठ्याने सांगायला कुणीतरी हवं होतं. तो माझ्या कानाशी कुजबुजायचा आणि मी टेबलापलीकडे सांगायची. डीनबाई मनाने चांगल्या. सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला. म्हणाल्या, सरांनी एवढ्या वर्षांत काही मागितलं नाही, तेव्हा हे करायलाच हवं. पण मुलांना नुसतं या म्हटलं तर कुणी येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि आम्हालाही. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, गुण ठेवले तर येतील.

आणि ठेवले. समिती बसली, ठराव झाला. स्पर्धेला हजर राहून जयघोष करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला दोन गुण. मी ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. दादाला मात्र आभाळ ठेंगणं झालं होतं. मी म्हटलं, अरे, ओरडायचे गुण? ओरडण्यात कुणी नापास झालं तर? तो कुजबुजला, कशासाठी का ओरडेनात, पळणाऱ्याला ते थोडंच कळतंय. त्या रात्री तो दोन पोळ्या जास्त जेवला.

जयघोषाची जबाबदारी संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांकडे दिली गेली. त्यांना मुलं दशांश म्हणायची. सज्जन माणूस, पण उत्तर दोन घरांपर्यंत बरोबर आलं तरी तिसरं घर बघणारा. त्यांनी मोठ्या वर्गात चक्क तालीम घेतली. गॅलरीचे भाग पाडले, कोणता भाग कधी उठेल ते ठरवलं, पांढरा रुमाल वर गेला की सगळ्यांनी उभं राहून ओरडायचं, खाली आला की टाळ्या. दादाची विनंती होती की “चिमणी” अशी हाक मारावी. समितीने ती फेटाळली. यजमानांनी एकाच खेळाडूचं नाव घेणं बरं दिसत नाही, शिवाय टोपणनाव. नुसता जयघोष करायचा असं ठरलं. दादाने तेही मान्य केलं. तालीम बघायला तो मागच्या बाकावर जाऊन बसला होता. परत आला तेव्हा म्हणाला, कानठळ्या बसल्या गं, कानठळ्या. एवढा आनंदी मी त्याला वहिनी गेल्यानंतर पाहिला नव्हता.

स्पर्धेचं वेळापत्रक छापलं गेलं. चिमणीच्या शर्यतीची वेळ, तिच्या शेवटच्या फेरीची वेळ, त्यापुढे जयघोष असा शब्द. मुलांसाठी तेवढा एकच तास राखला होता. आधी वर्ग, नंतर वर्ग. हजेरीच्या सह्या तासाच्या सुरुवातीलाच होणार होत्या, म्हणजे शेवटी गर्दी नको.

त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. गॅलरीत मधोमध जागा धरली. तास सुरू झाला आणि मुलं रांगेने आली, शेकड्यांनी. सह्या केल्या, बसली, पुस्तकं उघडली. एवढी माणसं आणि पानं उलटण्याशिवाय आवाज नाही. मला ते बघून कसंसंच झालं, पण मी मनाला म्हटलं, असू दे, वेळ आली की उठतील. पलीकडच्या कोपऱ्यात पाहुण्या विद्यापीठांची थोडी मुलं रिकामे डबे घेऊन बसली होती.

चिमणीच्या शर्यतीच्या आधी लहान पल्ल्याच्या शर्यती झाल्या होत्या आणि त्यांत वळणावरच्या पांढऱ्या रेघा पायांनी पुसल्या गेल्या होत्या. पंच म्हणाले, चालेल, दिसताहेत तेवढ्या पुरेत. पण दादाला ते चालेना. त्याच्या मैदानावरची त्याची शेवटची स्पर्धा, आणि रेघा अशा भुरकट? त्याने हातानेच थांबा म्हणून खूण केली. फक्की टाकायला ठेवलेला माणूस कुठे चहाला गेला होता, आणि त्याला हाक मारायला दादाकडे आवाज नव्हता. मग तो स्वतःच बादली घेऊन वळणावर गेला आणि वाकून, मुठीतून फक्की सोडत, एकेक रेघ ओढू लागला. मी वरून बघत होते. मला त्याचा राग येत होता. अरे, आटप ना. पण रेघ वाकडी गेली की तो पायाने पुसायचा आणि पुन्हा ओढायचा. शर्यतीची वेळ कधीच टळून गेली होती.

मुली अजून कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आल्या नव्हत्या. ट्रॅकवर तो एकटा होता.

तेवढ्यात माझ्या खालच्या पायरीवर दशांशसर उभे राहिले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, हातातला छापील कागद बघितला, पुन्हा घड्याळ बघितलं आणि पांढरा रुमाल वर केला.

अख्खी गॅलरी उठली. तालमीत ठरलं होतं तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि काय ओरडली! सिमेंट पायाखाली थरथरलं. मी या गल्लीत जन्म काढला, पण त्या मैदानातून एवढा आवाज निघालेला कधी ऐकला नव्हता.

दादा दचकून सरळ झाला. आधी त्याने मागे वळून पाहिलं, कोण पळतंय म्हणून. मागे कुणी नव्हतं. मग त्याने गॅलरीकडे पाहिलं. सगळे उभे, सगळ्यांचे चेहरे खाली मैदानाकडे, आणि मैदानात तो. त्याने बादली खाली ठेवली. बराच वेळ नुसता उभा होता. मग त्याने हळूच उजवा हात वर केला. फक्कीने तो कोपरापर्यंत पांढरा झाला होता. रुमाल खाली आला, टाळ्या सुरू झाल्या, आणि त्याचा हात वरच होता.

मला तेव्हाच कळलं होतं. माझ्या समोर तो छापील कागद होता. त्यावर छापलेली चिमणीच्या शेवटच्या फेरीची वेळ झाली होती, एवढंच. मी दशांशसरांची बाही ओढून म्हटलं, “अहो, शर्यत अजून सुरू व्हायचीय.” ते ओशाळले, खरंच ओशाळले. पण कागद माझ्यासमोर धरून म्हणाले, “बाई, वेळ हीच दिली होती. आता यांचा पुढचा तास आहे.”

घंटा झाली. त्या विद्यापीठाची घंटा कुणासाठी थांबलेली नाही. मुलं पुस्तकं मिटून उठली. मी जिन्यात आडवी उभी राहिले, थांबा म्हटलं, हात जोडले. एक मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, “मावशी, आमची सही झालीय.” आणि माझ्या बाजूने निघून गेला. बाकीचे त्याच्यामागून गेले. त्यांच्यातली एक पोरगी थांबायचं की नाही असं घुटमळली, पण तिच्या मैत्रिणीने तिला ओढून नेलं. पाहता पाहता पायऱ्या रिकाम्या झाल्या. वर राहिली मी आणि इकडेतिकडे पडलेली वेळापत्रकं.

मग शर्यत सुरू झाली. चिमणी सुरुवातीपासून पुढच्या घोळक्यात होती. शेवटच्या फेरीची घंटी वाजली तेव्हा ती तिसरी होती. तिला ठाऊक होतं की इथे गॅलरी ओरडणार, दादाने तिला महिनाभर तेच सांगितलं होतं. वळण घेऊन ती गॅलरीसमोर आली आणि तिने मान उचलून वर बघितलं.

मी ओरडले. घसा फाटेस्तोवर ओरडले, चिमणे, चिमणे म्हणून. पण आयुष्यभर मी शिवण शिवत आले, गावाला ऐकू जाईल असं ओरडायची सवय माझ्या भावाला होती. माझा आवाज पहिल्या दोन पायऱ्यांवरच पडला. पलीकडे पाहुण्यांची मुलं डबे बडवत होती, त्यांच्या मुलीचं नाव घेत होती. खाली दादा आतल्या बाजूने धावत होता. दोन्ही रुमाल हलवत होता, त्याचं तोंड पूर्ण उघडं होतं. आणि त्यातून काही बाहेर येत नव्हतं. तेवढं मला अजून डोळे मिटले की दिसतं.

चिमणीची मान खाली गेली. डब्यांवाल्यांची मुलगी तिच्या शेजारून पुढे निघाली. चिमणी चौथी आली.

ती रडली नाही. गवतावर बसून तिने बुटांच्या नाड्या सोडल्या. दादा तिच्याजवळ जाऊन वाकला, काहीतरी कुजबुजला. ती म्हणाली, “सर, मी वर बघायला नको होतं.” बस, एवढंच. दुसऱ्या आठवड्यात ती जर्सी धुऊन, घडी घालून माझ्या दुकानात ठेवून गेली. तेव्हा दादा घरी नव्हता, का तिने मुद्दाम ती वेळ निवडली, कुणास ठाऊक.

दादाचा निरोपसमारंभ त्याच महिन्यात झाला. डीनबाई छान बोलल्या. जयघोषाचा प्रयोग यशस्वी झाला आणि सर्व विद्यार्थ्यांना पूर्ण गुण मिळाले, असंही म्हणाल्या. दशांशसर कोपऱ्यात उभे होते, त्यांनी चहाचा कप हातात घेतला होता पण पिताना मी त्यांना पाहिलं नाही.

त्यानंतर दादा दिवसभर दुकानात बसू लागला. काज-बटण करून द्यायचा, धागे कापायचा. आणि येईल त्या गिऱ्हाइकाला जवळ बोलावून, कानाशी तोंड नेऊन एकच हकिगत सांगायचा. माझ्या शेवटच्या स्पर्धेला अख्खी गॅलरी उठून उभी राहिली होती, मी फक्की टाकत होतो, मला कल्पनाच नव्हती. काय आवाज होता! लोक म्हणायचे, वा, भोंगासर, नशीब काढलंत. मी मशीनवर मान खाली घालून टाके मारत राहायची. मी एका शब्दाने काही बोलले नाही. माणसाने एवढी वर्षं दगडांपुढे ओरडावं आणि त्याला एक दिवस उत्तर मिळावं, ते उत्तर खोटं होतं हे मी कोणत्या तोंडाने सांगू? आणि सांगून करायचं काय होतं?

चिमणीविषयी मात्र तो कधी बोलायचा नाही. मला वाटायचं, विसरला.

वर्षाने ती दुकानात आली. पदवीदानाचा झगा तिला पायघोळ होत होता, खालची दुमड वर घ्यायची होती. पहिली आली होती वर्गात. मी तिला स्टुलावर उभं केलं, तोंडात टाचण्या धरल्या आणि खाली बसून कड मापू लागले. दादा कोपऱ्यात धागे कापत बसला होता. त्याचं दुखणं तोवर उलटलं होतं आणि तो फार वाळला होता. दोघांनी एकमेकांची चौकशी केली, म्हणजे तिने केली, त्याने मान हलवली. मग ती मोकळी झाली. म्हणाली, “सर, त्या दिवशी मी आत बूट बांधत होते. बाहेर एवढा आवाज झाला, मला वाटलं शर्यत माझ्याशिवायच सुरू झाली. धावत दारात आले तर तुम्ही एकटेच हात वर करून उभे. मला इतकं बरं वाटलं होतं. म्हटलं, सरांना मिळालं एकदाचं.”

मी वर बघितलं नाही. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून बरं.

दादाने कात्री खाली ठेवली. जवळ ये, अशी खूण केली. ती स्टुलावरून उतरली, अर्ध्या कडेला टाचण्या लावलेल्या, आणि त्याच्या तोंडाशी वाकली. खोली लहान, मशीन बंद होतं, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

“तो आवाज तुझा होता,” तो म्हणाला. “रेघा ओढायला मी गेलो नसतो तर तुलाच मिळाला असता.”

 ती परत स्टुलावर चढली. मी उरलेल्या टाचण्या लावल्या. जाताना ती त्याच्या पाया पडायला वाकली, त्याने तिला मधेच धरलं आणि वाकू दिलं नाही.

ती गेल्यावर मी दार लोटून घेतलं. विचारलं, “तुला कधी कळलं?”

“घंटा झाली तेव्हा.”

“मग वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत काय होतास?”

  त्याने उजवा हात उचलून माझ्यासमोर धरला, थोडासाच, खांद्याच्या खाली.

“वर केला होता गं सगळ्यांसमोर,” तो म्हणाला. “खाली घे, असं कुणी म्हणालंच नाही.”

मी त्याचा हात धरून त्याच्या मांडीवर ठेवला. मग चिमणीच्या झग्याची तुरपाई करायला बसले, कारण तो तिला दुसऱ्या दिवशी सकाळी हवा होता.